फ्रेंडशिप आणि अ‍ॅव्ह्रो : वैमानिकाची व उतारूची दृष्टी

१. विषयप्रवेश

विमानवाहतुकीचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन प्रकारची साधने हाताशी असतात. एक, निर्मात्यांची आणि सरकारी खात्यांची कागदपत्रे. त्यांत विमानाचे वजन, वेग, आसनसंख्या आणि किंमत ह्यांची नोंद असते. दुसरे, दुर्घटनांच्या चौकशीचे अहवाल. विमान रोज चालविणाऱ्याचा आणि त्यात बसून जाणाऱ्याचा अनुभव ह्या दोहोंतूनही बहुधा निसटून जातो. वस्तुतः विमान चांगले की वाईट हे ठरविणारे पहिले साक्षीदार हेच दोघे होत. परंतु त्यांची साक्ष क्वचितच जुळते. उतारूला जे विमान सुखकर वाटते ते वैमानिकाला अवघड वाटू शकते. आणि वैमानिक ज्याच्यावर निःशंक विसंबतो, त्याच्या आवाजाला उतारू कंटाळलेला असतो.

ही विसंगती पारखून पाहण्यास भारताच्या अंतर्गत हवाई वाहतुकीत एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत हॉलंडमधील फोक्कर कंपनीचे एफ-२७ फ्रेंडशिप आणि मूळचे ब्रिटिश, परंतु कानपूर येथे बांधलेले अ‍ॅव्ह्रो ७४८ ही दोन टर्बोप्रॉप विमाने इंडियन एअरलाइन्सच्या लहान मार्गांवर धावत होती. दोहोंची एंजिने एकाच घराण्यातील, दोहोंचे भरलेले वजन सुमारे वीस टन, पंखांचा विस्तार सुमारे तीस मीटर आणि आसने चाळीस ते अठ्ठेचाळीस. इतके साम्य असूनही रचनेचा मूलभूत निर्णय मात्र उलट होता. फ्रेंडशिपचा पंख उतारूंच्या डोक्यावर होता, अ‍ॅव्ह्रोचा त्यांच्या पायांखाली. ह्या एका भेदाचे परिणाम पुढच्या आणि मागच्या आसनांवर कसे झाले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. डाकोटाचा वारसा

१९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन आठ खाजगी कंपन्यांच्या एकीकरणातून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या ताफ्याचा कणा डाकोटा हाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात उपलब्ध झालेल्या ह्या विमानांनी देशाचे हवाई नकाशे आखले. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत व टपालाची अदलाबदल करून परत फिरत.

वैमानिकाच्या दृष्टीने डाकोटा हे क्षमाशील विमान होते. कच्च्या धावपट्टीवर ते उतरे, आणि त्याची दुरुस्ती कोठेही होऊ शके. उतारूची कथा निराळी होती. डाकोटाच्या अंतर्भागात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे ते सामान्यतः दहा हजार फुटांच्या खालीच उडे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून जाताना ढगांच्या वर चढून जाण्याचा मार्ग त्याला मोकळा नसे; ढगांतूनच धक्के खात जावे लागे. पिस्टन एंजिनाची थरथर आसनातून सर्वांगाला जाणवे. कानांत घालण्यासाठी कापूस आणि चघळण्यासाठी गोळ्या देण्याची त्या काळची प्रथा ही आतिथ्याइतकीच गरजेचीही होती.

म्हणून डाकोटाची जागा घेणाऱ्या विमानाकडून दोन पक्षांच्या दोन मागण्या होत्या. उतारूला शांतता, वेग आणि दाबनियंत्रित कक्ष हवा होता. वैमानिकाला डाकोटाचाच भरवसा हवा होता. आखूड धावपट्टी, तीव्र उष्मा आणि अपुरी भूसाधने ह्यांतून सुखरूप नेणारे विमान हवे होते.

३. एकच एंजिन, दोन रचना

ह्या दोन्ही मागण्यांना उत्तर मिळाले ते टर्बोप्रॉपमुळे. ह्या प्रकारात तप्त वायूंच्या झोताने टर्बाइन फिरते आणि त्याची बहुतेक शक्ती दंतचक्रांच्या पेटीमार्फत प्रॉपेलरकडे जाते. पुढेमागे आदळणारे दट्टे नसल्यामुळे थरथर कमी होते, आणि मध्यम वेगाच्या आखूड प्रवासात जेटपेक्षा इंधन कमी लागते. रोल्स-रॉइसच्या डार्ट एंजिनाने ही कल्पना व्यवहारात आणली. चार डार्ट एंजिने बसविलेले व्हायकाउंट १६ जुलै १९४८ रोजी प्रथम उडाले. २९ जुलै १९५० रोजी त्याने लंडनहून पॅरिसला उतारू नेले, आणि टर्बाइनच्या शक्तीवर चाललेली ती जगातील पहिली नियमित उतारू-सेवा ठरली. फळीवर कडेने उभे केलेले नाणे उड्डाणातही पडत नाही, अशी त्याची ख्याती होती. इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली व्हायकाउंट वापरात आणले आणि भारतीय उतारूला टर्बोप्रॉपची ओळख झाली.

परंतु व्हायकाउंट मोठ्या शहरांसाठी होते. डाकोटाच्या मार्गांसाठी फोक्करने दोन डार्ट एंजिनांचे फ्रेंडशिप तयार केले. त्याचे पहिले उड्डाण २४ नोव्हेंबर १९५५ रोजी झाले, १९५८ साली ते सेवेत आले आणि १९६१ साली भारतात पोहोचले. ब्रिटनमध्ये अ‍ॅव्ह्रो कंपनी मुख्यतः लष्करी विमानांत गुंतलेली होती. १९५७ च्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकेने मानवचालित लष्करी विमानांचे भवितव्य आकुंचित केले, तेव्हा ती कंपनी पुन्हा नागरी बाजारपेठेकडे वळली. त्या निर्णयाचे फळ म्हणजे ७४८ हे विमान होय. ते २४ जून १९६० रोजी वुडफर्ड येथे प्रथम उडाले.

भारताने ह्या विमानाच्या निर्मितीचा परवाना १९५९ सालीच, म्हणजे मूळ विमान आकाशात जाण्यापूर्वीच घेतला होता. व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. कानपूर येथे हवाई दलाने विमाननिर्मितीचे केंद्र उभारले, त्याची धुरा हरजिंदर सिंग ह्यांनी वाहिली, आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी भारतात जुळविलेले पहिले विमान उडाले. हवाई दलाचे दिवंगत प्रमुख सुब्रतो मुखर्जी ह्यांच्या स्मरणार्थ त्याला ‘सुब्रतो’ हे नाव देण्यात आले. कानपूरमध्ये एकूण ८९ विमाने बांधली गेली. त्यांपैकी बहुतेक हवाई दलाकडे व काही इंडियन एअरलाइन्सकडे गेली. सर्वसामान्यांच्या तोंडी मात्र ७४८ हा आकडा कधीच रुळला नाही. ते ‘अ‍ॅव्ह्रो’च राहिले.

४. मागच्या आसनावरून

उतारूच्या दृष्टीने फ्रेंडशिपचे पहिले वैशिष्ट्य खिडकी हे होते. पंख वर असल्यामुळे मोठ्या लंबगोल खिडकीतून खालची भूमी अडथळ्यावाचून दिसे. नद्यांची वळणे, शेतांचे तुकडे, घाटातील रस्ते हे सर्व कमी उंचीवरच्या प्रवासात स्पष्ट ओळखू येई. विमानाचे पोट जमिनीच्या जवळ असल्याने चढउतार सोपा होता. लहान विमानतळावर उंच शिडीची वाट पाहावी लागत नसे. उतरण्याच्या वेळी एंजिनाच्या खालच्या कप्प्यातून लांबलचक पाय बाहेर येताना खिडकीतून दिसत. ह्या दृश्याने काही उतारूंना धीर येई, तर काहींचा जीव वरखाली होई.

अ‍ॅव्ह्रोमध्ये मधल्या रांगांतील उतारूला खाली पाहिले असता प्रायः पंखाचाच पृष्ठभाग दिसे. प्रॉपेलर जमिनीपासून पुरेसा उंच राहावा म्हणून एंजिने पंखाच्या वरच्या बाजूस बसविलेली होती. त्यामुळे ती थेट खिडकीच्या पातळीला येत. डार्टचा तीक्ष्ण शीळवजा स्वर दोन्ही विमानांत होताच. प्रॉपेलरच्या रेषेतील आसने सर्वांत गोंगाटाची आणि शेपटीकडील तुलनेने शांत, हा अनुभव दोहोंना समान होता. वेगात फ्रेंडशिप किंचित सरस होते. ताशी सुमारे ४८० किलोमीटरचा त्याचा प्रवासवेग होता, अ‍ॅव्ह्रोचा त्याहून थोडा कमी. तथापि तीन-चारशे किलोमीटरच्या मार्गावर ह्या भेदामुळे पाचसहा मिनिटांहून अधिक फरक पडत नसे.

एवंच, केवळ उतारूचे मत घेतले असते तर फ्रेंडशिपला झुकते माप मिळाले असते. परंतु उतारूच्या मताला एक स्वाभाविक मर्यादा आहे. त्याला खिडकी दिसते, आवाज ऐकू येतो, धक्का जाणवतो; पण विमानाच्या अंगी संकटकाळासाठी किती शक्ती शिल्लक आहे, हे त्याला दिसत नाही. तो ज्या गुणाच्या आधारे जिवंत राहतो तो गुण त्याच्या अनुभवाच्या बाहेरचा असतो.

५. पुढच्या आसनावरून

वैमानिकाची तुलना निराळ्या जागी सुरू होते. त्याच्या मते विमानाची खरी परीक्षा पहिल्या दोनतीन मिनिटांत होते. धावपट्टी सोडल्याबरोबर एक एंजिन बंद पडले तर काय होईल, हा प्रश्न तो प्रत्येक उड्डाणापूर्वी मनाशी विचारतो. दोन एंजिनांच्या विमानात अशा वेळी अर्धीच शक्ती जाते असे नव्हे. बंद एंजिनाचा प्रॉपेलर हवेच्या माऱ्याने फिरत राहिला तर तो मोठ्या पाट्यासारखा विरोध करतो आणि विमानाचे तोंड त्या बाजूला ओढतो. त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने कडेने वळविणे हे पहिले काम; सुकाणूवर पाय रोवून विमान सरळ ठेवणे हे त्याच क्षणीचे दुसरे काम. उरलेल्या एका एंजिनावर विमान किती चढते ह्यावर सर्वांचे प्राण अवलंबून असतात. आजच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार चाके आत घेतल्यावर अशा विमानाने दर शंभर मीटर अंतरामागे किमान २.४ मीटर तरी चढले पाहिजे. उतारूला हा आकडा नगण्य वाटेल. वैमानिकाच्या लेखी टेकडी ओलांडणे आणि तिच्यावर आदळणे ह्यांतील तेच अंतर असते.

भारतीय उन्हाळ्यात ही परीक्षा अधिक कठोर होते. हवा तापली की विरळ होते. पंखाची उचल आणि टर्बाइनची शक्ती दोन्ही घटतात. उड्डाणाच्या वेळी पाणी आणि मेथेनॉल ह्यांचे मिश्रण फवारून ही तूट काही अंशी भरून काढण्याची योजना डार्टमध्ये होती. तरीही नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्याच्या दुपारी वैमानिकाला भार कमी करण्यावाचून गत्यंतर नसे. पैसे भरलेली आसने रिकामी का सोडली, सामान मागे का ठेवले, ह्याचा राग उतारूंना येई. त्यांना जी व्यवस्थेची ढिलाई वाटे ती वस्तुतः त्यांच्या सुरक्षिततेची किंमत होती. दोन आसनांमधील गैरसमजाचे ह्याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

रचनाभेदाचे इतर परिणामही वैमानिकांच्या लक्षात येत. फ्रेंडशिपची चाके आणि गतिरोधक तेलाच्या नव्हे, तर दाबलेल्या हवेच्या जोरावर चालत. ह्यामुळे वजन वाचे आणि ज्वालाग्राही तेलाची गळती टळे. अ‍ॅव्ह्रोमध्ये रूढ तैलदाबाची पद्धत होती. कारागिरांना तिची सवय होती. अ‍ॅव्ह्रोचे पाय आखूड होते, आणि डाकोटाच्या जागी मागास धावपट्ट्यांवर वापरता यावे ह्या हेतूने त्याचे पंख व पुच्छपट्ट्या आखलेल्या होत्या. जमिनीवर टेकल्यावर डार्टच्या प्रॉपेलरची पाती जवळजवळ सपाट करून त्यांचा गतिरोधकासारखा उपयोग करता येई. परंतु आकाशात ती तशी होऊ नयेत म्हणून अटकाव ठेवलेला असे. योग्य क्षणी तो काढणे हा वैमानिकाच्या शिस्तीचा भाग होता. मागे बसलेल्याला ह्या सर्व खटाटोपातून केवळ बदललेला आवाज तेवढा ऐकू येई.

६. अ‍ॅव्ह्रोचा वाद

अ‍ॅव्ह्रोच्या बाबतीत ह्या दोन दृष्टींमध्ये एक तिसरी दृष्टी येऊन मिसळली. ती राष्ट्राची होय. कानपूरचे विमान हे स्वतंत्र भारताच्या औद्योगिक आकांक्षेचे प्रतीक झाले होते. त्यामुळे त्याच्याविषयी शंका घेणे म्हणजे स्वदेशी उद्योगाला विरोध करणे, आणि त्याची प्रशंसा करणे म्हणजे सुरक्षिततेकडे डोळेझाक करणे, अशी दोन टोके निर्माण होण्याचा संभव होता. १९७० नंतरच्या वर्षांत एका एंजिनावरील चढणीच्या क्षमतेविषयी जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांची तपासणी करण्याचे काम बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक प्रा. सतीश धवन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे देण्यात आले.

इतिहासाच्या दृष्टीने ह्या घटनेचे महत्त्व निष्कर्षापेक्षा पद्धतीत आहे. वैमानिकाचा अनुभव हा मोलाचा पुरावा असला तरी तो अखेर एका व्यक्तीचा असतो. एकाच विमानाविषयी दोन कुशल वैमानिकांचे मत भिन्न असू शकते. निर्मात्याचे कोष्टकही निःपक्षपाती मानता येत नाही. ‘विमान सुस्त आहे’ ह्या तक्रारीचे ‘ते अमुक वजनाला, अमुक तपमानाला किती चढते’ ह्या प्रश्नात रूपांतर झाले की वाद भावनेच्या क्षेत्रातून मोजमापाच्या क्षेत्रात येतो. अ‍ॅव्ह्रो पुढेही वर्षानुवर्षे सेवेत राहिले. राजीव गांधी हे राजकारणात येण्यापूर्वी इंडियन एअरलाइन्समध्ये ह्याच विमानाचे वैमानिक होते.

दुर्घटनांनीही ह्या तुलनेला गंभीर वळण दिले. ७ फेब्रुवारी १९६६ रोजी श्रीनगरहून निघालेले फ्रेंडशिप बनिहाल खिंडीच्या परिसरात डोंगरावर आदळून ३७ जण मृत्युमुखी पडले. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस येणारे अ‍ॅव्ह्रो पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले. त्यात ४५ जणांचा अंत झाला. पहिल्या घटनेतील पंख वर होता, दुसरीतील खाली. डोंगराळ प्रदेशात विमानाच्या जातीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व हवामानाच्या माहितीला आणि जमिनीवरून मिळणाऱ्या मार्गदर्शनाला असते, आणि ह्या गोष्टी दोन्ही आसनांवरून सारख्याच अदृश्य असतात.

७. पुढील पिढी

१९८० नंतर हाच वाद नव्या नावांनी पुन्हा उभा राहिला. फ्रेंडशिपपासून फोक्कर ५० आणि ७४८ पासून एटीपी अशी सुधारित विमाने निघाली. फोक्कर ५० ची दोनशेहून अधिक विमाने बांधली गेली, एटीपीची संख्या मात्र सत्तरीही गाठू शकली नाही. १९९६ साली फोक्कर कंपनीच दिवाळखोरीत गेली. स्वीडनच्या साब ३४० ने पंख खालीच ठेवला. कॅनडाचे डॅश ८ (पहिले उड्डाण २० जून १९८३) आणि फ्रान्स व इटली ह्यांचे एटीआर ४२ (१६ ऑगस्ट १९८४) ह्यांनी तो वर नेला. बाजारपेठेत अखेर वरच्या पंखाची सरशी झाली. मोठ्या व्यासाच्या प्रॉपेलरला जागा मिळणे, विमानाचे पोट जमिनीलगत राहणे आणि दारातच शिडी बसविता येणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

ह्या पिढीत उतारूचे म्हणणे अधिक ऐकले गेले. डॅश ८ च्या क्यू मालिकेत आवाज व थरथर विरोधी कंपनांनी शमविण्याची यंत्रणा बसविण्यात आली. एटीआरमध्ये उजव्या बाजूचा प्रॉपेलर रोखून धरून एंजिन चालू ठेवता येते, त्यामुळे लहान विमानतळावर बाहेरून वीज न घेताही उभ्या विमानात गार हवा मिळू शकते. तरीही फिरता प्रॉपेलर दिसला की विमान जुनाट आहे अशी समजूत अनेक उतारूंच्या मनात कायम राहिली. ती चुकीची आहे. प्रॉपेलर हे जुनेपणाचे लक्षण नसून आखूड मार्गाला साजेशा काटकसरीचे लक्षण आहे.

वैमानिकाची समजूतही सर्वदा अचूक नसते, हेही ह्याच काळाने दाखविले. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळून ६८ जण दगावले. गोठणाऱ्या पावसात घिरट्या घालताना पंखावर साचलेल्या बर्फामुळे पंखाच्या टोकाकडील नियंत्रणफळ्या एकाएकी वैमानिकांच्या हातून निसटल्या. त्यानंतर बर्फ झटकणाऱ्या रबरी पट्ट्या अधिक रुंद करण्यात आल्या. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ क्यू ४०० विमानाचा वेग घटून धोक्याची सूचना मिळाली असता नाक खाली करण्याऐवजी सुकाणू मागे ओढले गेले. जमिनीवरील एकासह पन्नास जण मरण पावले. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे एटीआर ७२ चे एक एंजिन निकामी झाल्यावर चालू असलेलेच एंजिन बंद करण्यात आले, आणि ४३ जणांनी प्राण गमावले. पहिल्या प्रसंगात रचनेची उणीव होती, पुढच्या दोहोंत पुढच्या आसनावरील चूक होती.

महाराष्ट्रापुरते पाहता टर्बोप्रॉपचे महत्त्व एकविसाव्या शतकात वाढलेच आहे. लहान शहरे जोडण्याच्या ‘उडान’ योजनेतील पहिल्या सेवा २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाल्या, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून तेथे पोहोचलेले विमानही एटीआरच होते. दुसरीकडे, हवाई दलातील अ‍ॅव्ह्रोची जागा घेण्यासाठी २०२१ साली ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. हेही टर्बोप्रॉपच असून त्याचा पंख वर आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, फ्रेंडशिप आणि अ‍ॅव्ह्रो ह्यांत निरपवाद श्रेष्ठ असे कोणी नव्हते. खिडकीशी बसलेल्याने एकाला आणि धावपट्टीचा हिशेब करणाऱ्याने कदाचित दुसऱ्याला पसंती दिली असती, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी प्रामाणिक होते. दुसरी, उतारूची साक्ष सोयीबद्दल विश्वसनीय असली तरी सुरक्षिततेबद्दल अपुरी आहे. वैमानिकाची साक्ष सुरक्षिततेबद्दल अधिक खोल असली तरी तीही मोजमापाच्या कसोटीवर घासून घ्यावी लागते. तिसरी, ह्या दोन साक्षींमध्ये संवाद नसला की अनर्थ ओढवतो. रिकामे सोडलेले आसन पाहून रागावणारा उतारू आणि त्याला कारण न सांगणारी व्यवस्था ही त्या विसंवादाची छोटी रूपे होत.

देशातील लहान गावे आज पुन्हा अशाच विमानांनी जोडली जात आहेत. त्यांच्या धावपट्ट्या आखूड आहेत, उन्हाळे तितकेच कडक आहेत, आणि पावसाळी ढग पूर्वीसारखेच घाटमाथ्यावर टेकतात. म्हणून अ‍ॅव्ह्रोच्या काळी विचारलेला प्रश्न, म्हणजे एका एंजिनावर हे विमान येथून, ह्या उन्हात, एवढा भार घेऊन किती चढेल, तो जुना झालेला नाही. त्याचे उत्तर पुढच्या आसनावर माहीत असले पाहिजे. आणि तो प्रश्न विचारला जातो आहे, एवढे तरी मागच्या आसनावर ठाऊक असणे इष्ट होय.